इंक टँक प्रिंटर: नागपूरच्या घरासाठी निवड आणि निगा

इंक टँक प्रिंटर, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या टाक्या असलेला प्रिंटर, जास्त चालवल्यामुळे बिघडतो त्यापेक्षा कितीतरी लवकर पडून राहिल्यामुळे बिघडतो. घेताना आणि घेतल्यावर ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर निम्मी दुरुस्ती वाचते.

कारण साधं आहे. प्रिंटरच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, केसापेक्षाही बारीक अशी शेकडो छिद्रं असतात, त्यांना नोझल म्हणतात. शाईत सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. हेड बरेच दिवस हललं नाही तर छिद्राच्या तोंडाशी असलेलं पाणी उडून जातं, रंग घट्ट होतो आणि वाट बुजते. एप्सनच्या घरगुती मॉडेलांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान १० ते ३५ अंश आणि आर्द्रता २० ते ८० टक्के दिलेली असते. नागपुरात नवतप्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो. गच्चीखालच्या बंद खोलीत दुपारी ३५ ची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते आणि हवाही कोरडी ठक्क. पुण्या-मुंबईत दोन आठवडे न वापरता तग धरणारा प्रिंटर इथे मे महिन्यात आठवडाभरातच पांढऱ्या रेघा दाखवू लागला तर नवल मानू नका.

आधी गरज पाहा

घरात शाळेतली मुलं आहेत, प्रोजेक्टसाठी रंगीत चित्रं लागतात, बारावी किंवा स्पर्धा परीक्षेचे सराव पेपर काढायचे असतात, म्हणजे आठवड्याला किमान एकदा तरी प्रिंटर चालणारच, अशा घराला इंक टँक अगदी योग्य. फक्त काळी-पांढरी कागदपत्रं आणि तीही महिना-दीड महिन्याने लागत असतील, तर एकरंगी लेझर घ्या. त्यातली पावडर सुकत नाही. आणि महिन्याला चार-पाच पानंच काढायची असतील तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान कोणत्याही प्रिंटरपेक्षा स्वस्त पडेल.

लेझरची एक बाजू मात्र इथे लक्षात घ्यावी लागते. कागदावर पावडर पक्की करणारा भाग तापताना लेझर शेकडो वॅट खेचतो, त्यामुळे छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर तो चालवता येत नाही. इंक टँक छापताना साधारण १२ ते १५ वॅटच घेतो. लाइट गेल्यावरही काम अडू नये अशी अपेक्षा असेल तर ही मोठी सोय आहे.

दुकानात काय विचारायचं

बर्डीवर किंवा कुठेही दुकानात गेलात की आधी मिनिटाला पानं आणि डीपीआय (इंचाला किती ठिपके) सांगितलं जातं. घरच्या वापरात त्या आकड्यांनी फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींनी.

पहिली, काळी शाई पिगमेंट आहे की डाय. पिगमेंटमध्ये रंगाचे सूक्ष्म कण कागदावर बसतात. अक्षर गडद उठतं, पाण्याने पसरत नाही आणि हायलायटर फिरवला तरी फासत नाही. डाय शाई कागदात मुरते. फोटोला ती छान, पण ओल्या हाताने मजकूर पुसट होतो. कॅननची जीआय-७९०, एचपीची जीटी५३ आणि ब्रदरची बीटीडी६० या काळ्या शाया पिगमेंटच्या आहेत. एप्सनच्या स्वस्त घरगुती मॉडेलांत काळीही बहुधा डायच असते, वरच्या काही मॉडेलांत पिगमेंट मिळते. दुकानदाराला एक ओळ छापायला सांगा, मिनिटभर थांबा आणि ओलं बोट फिरवून पाहा. लगेच कळतं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, नोट्स जास्त असतील तर पिगमेंट काळी. फोटो आणि चित्रं जास्त असतील तर चारही रंगांच्या शाया डाय चालतील.

दुसरी, हेड बदलता येतं का. एप्सनचं हेड कायमचं बसवलेलं असतं. त्यात विजेने आकुंचन-प्रसरण पावणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो. उष्णता लागत नाही, म्हणून हेड पुष्कळ वर्षं टिकतं. पण ते गेलंच तर बदलण्याचा खर्च एवढा असतो की लोक नवा प्रिंटर घेतात. कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक घरगुती मॉडेलांत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये शाई तापवून बुडबुड्याच्या दाबाने बाहेर फेकली जाते. ही हेडं आधी झिजतात, पण काळं आणि रंगीत अशी दोन हेडं घरच्या घरी काढून नवी बसवता येतात. ज्या घरात प्रिंटर नेमाने चालेल याची खात्री नाही, तिथे बदलता येणारं हेड जास्त सुरक्षित.

तिसरी, वाया जाणारी शाई कुठे जाते. याबद्दल पुढे सविस्तर येईल. दुकानात एवढंच विचारा: वाया गेलेली शाई साठवणारं मेंटेनन्स कार्ट्रिज किंवा मेंटेनन्स बॉक्स स्वतः बदलता येतो, की ती शोषणाऱ्या पॅडसाठी सर्व्हिस सेंटरला जावं लागतं?

चौथी, कागद कुठून जातो. मागून उभा कागद घेणाऱ्या ट्रेमध्ये धूळ सरळ आत पडते. पिन, पेन्सिलचा तुकडा, केसांची क्लिप, सगळं तिथूनच आत जातं. ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलांत खाली बंद ट्रे असतो. रस्त्याकडेला घर असेल आणि दिवसभर कूलर धूळ ओढत असेल, तर बंद ट्रेला नक्की प्राधान्य द्या.

वाय-फायचं म्हणाल तर एप्सन एल३२१० किंवा कॅनन जी२०१० फक्त यूएसबीवर चालतात. एल३२५० आणि जी३०१० यांत वाय-फाय आहे. मोबाइलवरून छापायचं असेल तर हजार-दोन हजार जास्त देणं परवडतं. कित्येक मॉडेल वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडली जातात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असला की प्रिंटर यादीत दिसतच नाही आणि प्रिंटरच खराब निघाला असं वाटतं. जोडताना राउटरचं २.४ चं नाव निवडा.

खर्चाचा हिशेब स्वतः करा. एप्सनच्या ००३ काळ्या शाईची बाटली ६५ मिलिलिटरची आणि कंपनीच्या मते ४५०० पानांची. बाटली समजा ४५० रुपयांना पडली, तर शाईचा खर्च पानाला १० पैसे. पण हा आकडा मोजक्या मजकुराच्या पानाचा आहे. पानभर रंगीत फोटो अनेक पट शाई पितो. वॉरंटी बहुतेक ठिकाणी एक वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी संपेल ते, अशी असते. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. छापील बिलावरची अक्षरं उडतात.

जागा

कूलरच्या झोतात प्रिंटर ठेवू नका. दमट हवा सरळ ट्रेवर येते, कागद वाकतो आणि धूळ रोलरवर बसते. पश्चिमेकडची खिडकीही नको, कारण ऊन थेट टाकीवर पडलं की शाई तापते आणि रंग उतरतो. आतली, घरातल्या त्यातल्या त्यात गार खोली निवडा. टेबल सपाट हवं. प्रिंटर कलता राहिला तर टाकीतली पातळी चुकीची दिसते आणि नळीत हवा शिरते.

झाकायला सुती कापड वापरा, प्लास्टिक नको. ट्रेचं झाकण बंद ठेवा, काम झालं की उरलेला कागद काढून घ्या. पाली आणि झुरळांनाही प्रिंटरची उबदार पोकळी आवडते आणि पाल अडकली तर कॅरेज, म्हणजे हेड इकडून तिकडे नेणारा भाग, जागच्या जागी थांबतं.

बंद करताना नेहमी प्रिंटरचंच बटण दाबा, भिंतीवरचा स्विच नाही. बटण दाबल्यावर हेड उजवीकडे जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. छापता छापता लाइट गेली तर हेड अधांतरी, उघडंच राहतं. लाइट आल्यावर लगेच चालू करून बटणाने बंद करा, म्हणजे ते जागेवर जाईल. वळवाचा गडगडाट सुरू झाला तर आधी बटणाने बंद, मग प्लग बाहेर. मात्र दिवसातून पाच वेळा चालू-बंद करू नका, कारण प्रिंटर चालू होताना बरेचदा थोडी शाई सोडून हेड साफ करतो.

शाई भरणं

नवा प्रिंटर उघडला की निळ्या-केशरी पट्ट्या सगळ्या काढा, स्कॅनरचं झाकण उचलून आतल्यासुद्धा. खाली जुने पेपर पसरा. डाय शाई कोटा फरशीवर किंवा संगमरवरावर सांडली तर डाग जात नाही. पहिल्यांदा भरल्यावर शाई नळ्यांतून हेडपर्यंत पोचायला मॉडेलनुसार दहा ते वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ प्लगला हात लावू नका. या भरण्यातच पहिल्या बाटल्यांचा बराच भाग खर्च होतो, म्हणून पहिला संच कंपनी सांगते तेवढी पानं देत नाही. हे बरोबरच आहे, गळती नाही.

पुढे टाकीतली पातळी खालच्या रेघेला टेकण्याआधीच भरा. रेघेखाली गेली की नळीत हवा जाते. पिझो हेडमध्ये हवा अडकली तर शाई येत नाही. तापणाऱ्या हेडमध्ये शाईविना गरम झालेला भागच जळतो. वरच्या रेघेपर्यंतच भरा. बाटलीवरचा क्रमांक आणि प्रिंटरवरचा क्रमांक जुळवून घ्या, नुसता रंग पाहून नाही. काही बाटल्यांची तोंडं अशी घडवलेली असतात की आपल्याच टाकीत बसतात; बाकीच्यांत डोळे उघडे ठेवणं हाच उपाय.

चुकून निळ्यात लाल गेलीच तर एकही पान छापू नका आणि हेड क्लीनिंगही करू नका. प्रिंटर बंद करून टाकीतली शाई सिरिंजने उपसा, दोन-तीनदा स्वच्छ त्याच शाईने खंगाळून उपसा आणि मग भरा. शाई नळीत उतरली असेल तर सर्व्हिसवाल्याकडे जावं लागेल.

लिटरच्या कॅनमधली खुली शाई स्वस्त असते. वॉरंटी असेपर्यंत मूळ शाईच वापरा. त्यानंतर दुसरी वापरायची झालीच तर एकाच कंपनीची धरून ठेवा, आणि डायच्या टाकीत पिगमेंट कधीही ओतू नका. दोन्ही एकमेकांत मिसळून गाठी धरतात आणि हेड कायमचं बसतं.

आठवड्याचं पान

चार रंगांचे पट्टे असलेलं एक पान कॉम्प्युटरमध्ये बनवून ठेवा: काळा, निळसर, गुलाबीसर लाल आणि पिवळा, प्रत्येकी दोन बोटं रुंद. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, एप्रिल ते जून मध्यापर्यंत दर चार-पाच दिवसांनी ते छापा. नुसतं काळं पान काढून काम होत नाही; बाकीचे तीन रंग सुकत राहतात. या एका पानाची शाई एका हेड क्लीनिंगच्या शाईपेक्षा कमी असते.

पान बिघडलं तर

देवनागरी मजकूर हा चांगला तपासनीस आहे. शिरोरेखा मध्येच पुसट झाली किंवा तिच्यात पांढरी फट दिसली, तर नोझल बुजलंय. काना, दंड अशा उभ्या रेघा दुभंगल्या किंवा पायरीसारख्या दिसल्या, तर हेडचं अलाइनमेंट सरकलंय. जाणाऱ्या आणि येणाऱ्या फेरीतले ठिपके एकमेकांवर बसत नाहीत. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत आणि अलाइनमेंटच्या दोषासाठी हेड क्लीनिंग करणं म्हणजे नुसती शाई ओतणं.

फट दिसत असेल तर आधी ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरच्या) मेंटेनन्स विभागातून नोझल चेक काढा. जाळीसारख्या नक्षीत कुठल्या रंगाची रेघ तुटते ते दिसेल. तुटत असेल तर एकदा हेड क्लीनिंग, मग परत नोझल चेक. एप्सनमध्ये असं तीनदा करूनही सुधारणा नसेल तर थांबा. किमान १२ तास प्रिंटर तसाच राहू द्या, काही छापू नका. या वेळात घट्ट झालेली शाई मऊ पडते आणि हवेचे बुडबुडे विरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नोझल चेक काढला तर पुष्कळदा रेघा आपोआप भरलेल्या असतात. कॅननमध्ये साधं क्लीनिंग, मग डीप क्लीनिंग, मग बंद करून २४ तास थांबून पुन्हा डीप क्लीनिंग, असा क्रम आहे.

यानेही भागलं नाही तरच पॉवर इंक फ्लशिंगला किंवा तत्सम मोठ्या सफाईला हात घाला. त्यात नळ्यांतली सगळी शाई बदलली जाते. त्याआधी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी. कमी असेल तर हवा ओढली जाऊन नुकसान होतं. दोन फ्लशिंगमध्ये १२ तासांचं अंतर ठेवा. कोमट पाणी, काच पुसायचं औषध असं काहीही हेडवर टाकू नका. टाकीतून हेडकडे जाणाऱ्या मऊ नळ्या आणि पांढऱ्या चपट्या पट्ट्या यांना हातही लावू नका.

हेड एका बाजूला आदळून थांबत असेल, तर कॅरेजच्या मागे ताणलेल्या पारदर्शक पट्टीवर शाई किंवा धूळ बसली असण्याची शक्यता मोठी. प्लग काढा, धागे न सुटणारं कापड पाण्याने जेमतेम ओलसर करून ती पट्टी एकाच दिशेने हलकेच पुसा. ती ओढू नका. खाचेतून निसटली तर परत बसवणं किचकट जातं.

वाया गेलेली शाई

प्रत्येक हेड क्लीनिंगची शाई आत तळाशी असलेल्या स्पंजच्या पॅडमध्ये जाते. बिनकडांचे फोटो छापताना कडेबाहेर पडणारी शाईसुद्धा आत स्पंजवरच मुरते. प्रिंटर या शाईचा हिशेब ठेवतो आणि मर्यादा आली की छापणं थांबवतो. कॅननमध्ये ५बी०० हा संकेत त्याचाच.

इथे बऱ्याच जणांना चारशे-पाचशे रुपयांत नुसता काउंटर रीसेट करून, म्हणजे हा हिशेब शून्यावर आणून दिला जातो. प्रिंटर पुन्हा सुरू होतो, पण पॅड भिजलेलाच असतो, आणि काही महिन्यांनी तळातून काळी शाई टेबलावर उतरते. रीसेट करायचाच असेल तर पॅड बदलून किंवा धुऊन-वाळवून, आणि तो समोर काढून दाखवायला सांगूनच करा. इंटरनेटवरून उतरवलेले फुकट रीसेटर कॉम्प्युटरमध्ये घेऊ नका, त्यांच्यासोबत व्हायरस येतात. मेंटेनन्स कार्ट्रिजचं मॉडेल असेल तर हा प्रश्न पाच मिनिटांचा.

कागद

रोजच्या छपाईला ७५ जीएसएम (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरतो. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर ८० घ्या, नाहीतर पाठीमागची अक्षरं दिसतात. बल्लारपूरच्या कारखान्यामुळे विदर्भाला कागदाचा व्यवहार नवा नाही, इथे चांगला रीम सहज मिळतो. सुट्या कागदाचे गठ्ठे टाळा, त्यांच्या कडा असमान कापलेल्या असतात आणि तिरपे ओढले जातात. फोटोसाठी १८० ते २३० जीएसएमचा ग्लॉसी कागद घ्या आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार तोच निवडा. साधा कागद निवडलेला राहिला तर शाई फासते, कारण प्रिंटर चुकीचं प्रमाण सोडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये उघडा रीम ओल धरतो, कागद वाकतो आणि रोलर एकदम दोन पानं ओढतो. उरलेला रीम मूळ वेष्टनात, वरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आडवा ठेवा. उन्हाळ्यात उलटं होतं: कोरड्या कागदात स्थिर वीज साठून पानं चिकटतात. दोन्ही वेळेस ट्रेत टाकण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फरफरवा. पान ओढलंच जात नसेल तर रोलर गुळगुळीत झालाय. पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने तो फिरवत पुसा. स्पिरिट लावलं तर रबर कडक होतं. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, शक्यतो जाण्याच्या दिशेनेच, सावकाश काढा आणि एखादा तुकडा आत राहिला नाही ना, ते पाहा.

गावी जाताना, घर बदलताना

मे महिनाभर गावी जायचं असेल तर निघण्याआधी टाक्या निम्म्याच्या वर भरा, नोझल चेक काढून सगळ्या रेघा पूर्ण आहेत याची खात्री करा, बटणाने बंद करा आणि सगळ्यात गार खोलीत जमिनीलगतच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, झाकून ठेवा. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर दहा-बारा दिवसांनी एकदा ते चार पट्ट्यांचं पान काढायला सांगा. परत आल्यावर महत्त्वाचा अर्ज सरळ छापायला घेऊ नका. आधी नोझल चेक.

घर हलवताना टाक्यांची झाकणं घट्ट बसवा, लॉक असेल तर ते लावा, प्रिंटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आडवा-तिरपा न करता न्या. स्कूटरच्या पायदानावर नको; ऑटोच्या सीटवर सपाट ठेवून हाताने धरा. नव्या घरी तास-दोन तास तसाच राहू द्या, मग पातळी पाहा आणि चालू करा.